त्याला फाइल सापडली, आता काय आणि कसे सांगायचे?

ताई,

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो मला जसा समजला तसा आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझी काही गफलत होत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुमची बहीण आणि मेहुणे एप्रिल २०२१ मध्ये आठ दिवसांच्या अंतराने कोविडने गेले. त्यांचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि तेव्हापासून तो कांजूरमार्गला तुमच्या घरी वाढतो आहे. "आईबाबा देवाघरी गेले" एवढेच त्याला सांगितले गेले आणि त्यानेही पुढे कधी काही विचारले नाही. आता त्याचे अकरावे सरत आले आहे. पंधरा दिवसांपूर्वी शिष्यवृत्तीच्या कामासाठी कपाटावरून काढलेली कागदांची फाइल टेबलावर राहिली आणि ती त्याने वाचली. तिच्यात तिघांचेही तपासणीचे अहवाल होते: त्याचा ६ एप्रिलचा, आईचा ८ एप्रिलचा, बाबांचा ९ एप्रिलचा. त्या रात्री त्याने तुमच्या मुलीला इतकेच विचारले, "सगळ्यात आधी मलाच झालं होतं का गं?" तेव्हापासून तो जेवतो, शाळेत जातो, पण तुमच्या नजरेला नजर देत नाही. तुम्ही विचारता की विषय काढावा की विसरेल म्हणून सोडून द्यावा. शिवाय चिपळूणचे आजोबा त्याला कायमचे तिकडे न्यायचे म्हणतात, तर जागा बदलल्याने त्याला बरे वाटेल का, असेही तुम्ही विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे मुंबईत मुलांबरोबर काम करते. सुरुवातीला रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून आणि नंतर मुलांची समुपदेशक म्हणून. त्या अनुभवावरून सांगते की सांगावे की सांगू नये हा प्रश्न त्या रात्रीच निकालात निघाला आहे. त्याने कागद वाचले, तारखा जुळवल्या आणि स्वतःच्या बुद्धीप्रमाणे निवाडाही करून टाकला. तो निवाडा घेऊन तो एकटाच बसणार की तुम्ही त्याच्या शेजारी बसणार, एवढेच आता तुमच्या हातात आहे. म्हणून विषय काढा, तुम्हीच काढा, आणि फार दिवस लोटू देऊ नका.

मी त्याला पाहिलेले नाही, त्यामुळे पुढचे सगळे तुमच्या घराच्या मापाने कमीजास्त करून घ्यावे लागेल. तो मुळात बोलका आहे की अबोल, त्याची झोप कशी आहे, आजोबांनी त्याला आजवर काही वेगळे सांगितले आहे का, आणि बहिणीविषयी बोलताना तुमचा स्वतःचा आवाज किती स्थिर राहतो, या चार गोष्टींवर बरेच अवलंबून आहे. यांतली शेवटची गोष्ट लोक हिशेबात धरत नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्याकडे मी पुढे येते.

आधी त्याच्या गप्प राहण्याविषयी. सहा वर्षांच्या मुलाला मृत्यू अर्धामुर्धा कळतो. गेलेला माणूस परत येत नाही, त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही आणि हे कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येते, ही समज साधारण पाच ते सात या वयात हळूहळू येते. तुमच्या भाच्यावर ती वेळ आली तेव्हा तो नेमका त्या उंबरठ्यावर होता. तेव्हा त्याने जे दुःख केले ते सहा वर्षांच्या मुलाच्या समजेएवढे होते. आता अकरा वर्षांच्या समजेने त्याला तेच दुःख पुन्हा नव्याने करावे लागणार आहे, आणि सोळाव्या वर्षी, कदाचित लग्नाच्या वेळी, पुन्हा एकदा. घरातली माणसे मला घाबरून विचारतात की इतकी वर्षे बरा होता, आता अचानक काय झाले. अचानक काहीच झालेले नसते. मूल वाढलेले असते. २०२१ मध्ये अनाथ झालेली पुष्कळ मुले माझ्याकडे तेव्हा आली नाहीत, ती आत्ता येत आहेत, याचे कारण हेच.

त्यात त्या काळाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. शाळा मार्च २०२० पासून बंद होत्या आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग प्रत्यक्ष भरले ते १५ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे हा मुलगा पहिल्यांदा शाळेच्या बाकावर बसला तेव्हा त्याचे आईवडील जाऊन साडेसात महिने झाले होते. वर्गातल्या एकाही मुलाने, एकाही बाईंनी त्याला आईचा हात धरून फाटकापाशी येताना पाहिलेले नाही. त्याच्यासारखी दुसरी मुले आसपास असतील असेही नाही. केंद्राच्या बालहक्क आयोगाकडे २०२२ च्या सुरुवातीपर्यंत देशभरातून सुमारे दीड लाख मुलांची नोंद झाली होती. त्यांतल्या बहुतेकांनी आई किंवा वडील यांपैकी एकाला गमावले होते आणि दोघांनाही गमावलेली मुले दहा हजारांच्या आसपास होती. आईवडील दोघेही होते याची साक्ष देणारे, त्याच्या रोजच्या आयुष्यातले माणूस म्हणजे बव्हंशी तुम्हीच. आणि तुमच्यासमोर हा विषय निघाला की तुमचे डोळे भरतात, हे त्याने सहाव्या वर्षीच टिपलेले असणार. मुले सांभाळणाऱ्या माणसाला जपतात. त्याने विचारले नाही याचा अर्थ त्याला प्रश्न पडले नव्हते असा घेऊ नका.

आता त्या तारखांकडे येते, कारण गाठ तिथे बसली आहे.

तुम्ही फाइल उघडून त्या तीन अहवालांवरच्या सगळ्या तारखा नीट पाहा. नमुना केव्हा घेतला आणि अहवाल केव्हा आला, या दोन वेगळ्या तारखा असतात. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्णांची नोंद झाली होती. प्रयोगशाळांवर इतका ताण होता की कोणाचा अहवाल दुसऱ्या दिवशी येई आणि कोणाचा चौथ्या. त्याने वाचलेली ६ एप्रिल ही कोणती तारीख आहे हे आधी तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. ती काहीही निघाली तरी दुसरी गोष्ट कायम राहते: तपासणी कोणाची आधी झाली यावरून लागण कोणाला आधी झाली हे ठरत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस आणि कधी चौदा दिवसांपर्यंतही काळ जाई. लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शके, आणि काहींना तर लक्षणे येतच नसत. लहान मुलाला ताप आला की आईबाप त्याला आधी तपासून घेतात आणि स्वतःची कणकण गोळी घेऊन अंगावर काढतात. पुष्कळ घरांत मुलाचा अहवाल आधी लागला तो मुलाच्या काळजीपोटी. तुमच्याकडेही तसेच झाले असेल तर ते त्याला जरूर सांगा, कारण तेवढ्या एका वाक्यात आई त्याच्यासाठी पुन्हा जिवंत होते.

पण इथे मी स्वतः केलेली एक चूक सांगते. २०२१ च्या पावसाळ्यात नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिचे वडील गेले होते आणि आपल्यामुळे गेले असे तिला वाटत होते. मी घाईने, अगदी मनापासून म्हणाले, "तुझ्यामुळे काही झालेलं नाही बाळा." तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही तेव्हा आमच्या घरी होतात का?" त्यानंतर ती तीन भेटी एक शब्द बोलली नाही. चूक सरळ होती. मला जे माहीत असणे शक्यच नव्हते ते मी ठामपणे सांगितले होते, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते कळले होते. तुमचा भाचा अकरा वर्षांचा आहे; तो तारखा जुळवणारा मुलगा आहे. पोकळ दिलासा त्याच्याजवळ एक दिवस टिकणार नाही, आणि तो टिकला नाही की तुमच्या बाकीच्या शब्दांचाही भरवसा जाईल.

म्हणून खरे तेवढेच सांगा, आणि ते दोन टप्प्यांत सांगा. पहिला टप्पा असा की घरात आजार कोणाकडून आला हे कोणालाच कळलेले नाही आणि कधी कळणारही नाही. दुसरा टप्पा अधिक अवघड आहे आणि तो पुष्कळजण गाळतात: समजा त्याच्याकडून आला असता, तरी तो त्याचा दोष झाला नसता. त्याच्या मनात "समजा" हा शब्द घर करून बसलेला आहे. तुम्ही तो टाळला तर त्या शब्दापाशी तो पुन्हा एकटाच राहील. तुमच्या तोंडी हे साधारण असे येऊ शकेल: "तू फाइल वाचलीस ते मला कळलं. मी रागावलेली नाही. तुला वाटतंय की तुझ्यापासून आईला झालं. खरं काय ते कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. पण समजा तसं असलं, तरी सहा वर्षांच्या मुलानं आईच्या कुशीत झोपणं ही चूक होत नाही. तुला ताप होता तेव्हा आई तुझ्यापासून लांब झोपली नाही. तिला धोका ठाऊक होता, तरी तिनं तुला जवळ घेतलं." यातले शेवटचे वाक्य तुमच्या घरी खरे असेल तरच म्हणा. नसेल तर जे घडले ते म्हणा.

आणखी एक वळण आहे, ते टाळा. शाळा बंद होती, मुलगा घराबाहेर पडत नव्हता, मेहुणे मात्र रोज भिवंडीच्या गोदामात जात होते असे तुम्ही लिहिले आहे. साहजिकच त्याला हलके वाटावे म्हणून "बाबाच बाहेर जायचे, त्यांनीच आणलं असेल" असे म्हणण्याचा मोह होईल. तसे म्हणू नका. त्याच्या खांद्यावरचे ओझे उचलून तुम्ही ते त्याच्या बाबांच्या खांद्यावर ठेवाल, आणि बाबांना तर आता बाजू मांडता येत नाही. मेहुण्यांना महिन्याचा पगार हवा होता म्हणून ते जात होते. हेही त्याला कधीतरी कळले पाहिजे, पण आरोप म्हणून नव्हे.

बोलायला सुरुवात केव्हा आणि कुठे करावी? समोरासमोर बसवून "आपल्याला बोलायचंय" असे म्हटले की या वयाची मुले आवळून बसतात. हाताला काही काम असलेले बरे: मटारच्या शेंगा सोलताना, दुचाकीवरून येताना, कपड्यांच्या घड्या घालताना. तो काहीच बोलला नाही तरी चालेल. तुम्ही दोनचार वाक्ये बोला, "तुला विचारावंसं वाटेल तेव्हा विचार, मी रडले तरी उत्तर देईन" असे सांगा आणि थांबा. पहिल्या प्रयत्नात मूल मोकळे होऊन गळ्यात पडते हे मी फार क्वचित पाहिले आहे. बहुतेकदा ते "हं" म्हणते आणि आठ दिवसांनी, आपण गॅसवर दूध ठेवलेले असताना, भलत्याच ठिकाणाहून प्रश्न येतो.

ते प्रश्न कोणते असतील याचा अंदाज देऊन ठेवते. "त्यांनी लस का नाही घेतली?" याचे उत्तर सोपे आणि खरे आहे: १ एप्रिल २०२१ पासून लस मिळत होती ती पंचेचाळीस वर्षांवरच्यांना, अठरा वर्षांवरील सर्वांना ती खुली झाली १ मे रोजी. तुमची बहीण तेहतीस वर्षांची होती आणि २७ एप्रिलला गेली. हे चार दिवसांचे अंतर त्याला टोचेल, तुम्हालाही टोचत असेल, पण त्यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता एवढे तरी त्यातून कळते. "मला भेटायला का नाही नेलं?" याचे उत्तर असे की कोविड कक्षात नातेवाइकांना सोडतच नव्हते, मोठ्या माणसांनाही नाही. "नंतर काय केलं त्यांचं?" हा प्रश्न सर्वांत जड. पार्थिव बंद पिशवीत होते, मोजक्या माणसांना दुरून उभे राहू दिले आणि दहन झाले, हे शांतपणे, तपशिलाची फार उकल न करता सांगा. मुलांच्या मनातली चित्रे आपल्या शब्दांपेक्षा कितीतरी भयंकर असतात. ज्याने आईचे अंत्यदर्शन घेतलेले नाही त्याच्या मनात कुठेतरी "ती खरोखरच आई होती का?" हा प्रश्नही राहतो. माझ्याकडच्या दोन मुलांनी तो मला उघड विचारला आहे.

"देवाघरी गेले" हे शब्द मागे घ्यायची गरज नाही. तुमची श्रद्धा असेल तर ती त्याच्याकडे राहू द्या. फक्त तिच्या शेजारी शरीराची हकिगत ठेवा: फुप्फुसांना सूज आली, ऑक्सिजन कमी पडू लागला, डॉक्टरांनी यंत्र लावले, तरी शरीर थकले आणि बंद पडले. देवाने नेले एवढेच कळलेल्या मुलाला देव कोणालाही केव्हाही नेईल असे वाटत राहते, आणि मग मावशीला साधी सर्दी झाली तरी ते रात्रभर जागे राहते.

मी अशा मुलांबरोबर एक काम हटकून करते आणि ते तुम्हाला घरीही करता येईल. एका मोठ्या कागदावर एप्रिल २०२१ चे तीस चौकोन आखायचे. ज्याला जे आठवते ते त्या त्या चौकोनात लिहायचे. १३ तारखेला गुढीपाडवा होता. त्या दिवशी तुमच्या बहिणीच्या घरी गुढी उभारली का, कोणी उभारली, की कोणीच नाही? कोणत्या दिवशी मजला बंद केला, दाराशी डबा कोण ठेवून जायचे, बाबा कोणत्या रात्री गाडीत बसले, तो तुमच्या घरी कोणत्या तारखेला आला आणि अंगावर कोणते कपडे होते? त्याला न आठवणाऱ्या जागा तुम्ही भरा. तुम्हाला ठाऊक नसलेल्या जागा तो भरेल, आणि तुम्ही चकित व्हाल. काही चौकोन रिकामेच राहतील, ते तसेच राहू द्या.

अशाच एका कागदावर काम करताना दहा वर्षांचा एक मुलगा एका चौकोनापाशी अडून बसे. पेन्सिल तिथे आली की तो शिसे मोडायचा. चौथ्या महिन्यात त्याने सांगितले की त्या रात्री तो मोबाइलवर गोष्ट बघत होता, आई आतल्या खोलीत खोकत होती, आणि तो ओरडला होता, "आई, किती खोकतेस, मला ऐकू येत नाहीये." दुसऱ्या दिवशी तिला नेले. आम्ही मोठी माणसे तोवर त्याला लागण कशी होते ते समजावत बसलो होतो. तुमच्या भाच्याने तारखांबद्दल विचारले आहे हे खरे, पण तारखांच्या मागे असे एखादे वाक्य असू शकते, म्हणून तारखांचा उलगडा केला की काम संपले असे समजू नका.

त्याला विधींमध्ये सहभागी करून घ्या, त्याची इच्छा असेल तेवढेच. तेव्हा तो लहान होता, निर्बंध होते, दहावा-तेरावा कसाबसा उरकला गेला असेल. यंदाच्या श्राद्धाला पानावर आईच्या आवडीचे काय वाढायचे ते त्याला विचारा. त्याला ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा, कारण ती तुमच्याच घरात, तुमच्या शेजारी बसून जेवत मोठी झाली.

आणि आता तुमच्याविषयी. तुम्ही प्रश्नात "माझा भाचा" सात वेळा लिहिले आहे आणि "माझी बहीण" एकदाच. ज्या आठवड्यात तुमची सख्खी बहीण गेली त्याच आठवड्यात तुम्ही एका मुलाची आई झालात; तुम्हाला रडायला उसंतच मिळालेली नाही. त्याच्यासमोर डोळे भरले तर भरू द्या, फक्त नंतर पदर डोळ्यांना लावून "मला तिची आठवण आली, म्हणून रडले, मी ठीक आहे, चल पोळ्या करू" एवढे म्हणा. रडून पुन्हा उभे राहणारे माणूस त्याला बघायला मिळाले पाहिजे. मात्र बोलायला लागल्यावर तुमचा स्वतःचा तोल दहा मिनिटे सावरत नसेल, तर आधी तुम्ही एकदोनदा कोणाशी तरी बोलून घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

इथवरचे थोडक्यात: फाइल वाचल्याचे तुम्हाला कळले आहे हे त्याला सांगा, तारखांबद्दल खरे तेवढेच बोला, "समजा" टाळू नका, बाबांवर ढकलू नका, महिन्याचा कागद आखा आणि घाई करू नका.

हे घरच्या घरी कुठवर करावे? पुढच्या महिनाभरात तो हळूहळू नजरेला नजर देऊ लागला, खेळायला उतरू लागला, तर तुमचे चालले आहे ते बरोबर आहे. झोप उडाली, शाळेला जायला तयारच नाही, जेवण तुटले, किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन नाही असे आठवड्यांमागून आठवडे दिसले, तर केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. तिथे केसपेपरच्या किरकोळ पैशांत तपासणी होते. "मीच मेलो असतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचे एखादे वाक्य आले, मग ते हसत हसत का असेना, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. शाळेत वर्गशिक्षिकेला विश्वासात घेऊन ठेवा, कारण "माझे कुटुंब" नावाचा एखादा प्रकल्प दरवर्षी निघतोच.

कागदपत्रांचे तुम्ही विचारले नाही, पण फाइलचा विषय निघालाच आहे तर घाईघाईत सांगते. दोघांनाही गमावलेल्या मुलांसाठी पीएम केअर्स योजनेत जिल्हाधिकाऱ्यांबरोबर संयुक्त टपाल खाते असते. अठराव्या वर्षी त्यात दहा लाख होतात, तेवीसपर्यंत त्यातून मासिक रक्कम आणि तेवीस पूर्ण झाल्यावर ते दहा लाख त्याच्या हाती. आयुष्मान भारतचे पाच लाखांचे आरोग्य संरक्षण आणि पहिली ते बारावी वर्षाला वीस हजारांची शिष्यवृत्ती त्यात येते. राज्य सरकारची पाच लाखांची मुदत ठेव वेगळी आहे, तिची पावती तुमच्याकडे आहे का ते बघा. नसेल तर कांजूरमार्ग उपनगर जिल्ह्यात येते, म्हणून वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. मेहुण्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जात होता का हेही तपासा. कर्मचारी निवृत्तीवेतन योजनेत अनाथ मुलाला विधवा पेन्शनच्या ७५ टक्के, किमान ७५० रुपये दरमहा, पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळतात. आणि त्याच खात्याला जोडलेला विमाही असतो. त्याची कमाल मर्यादा २८ एप्रिल २०२१ पासून सात लाख झाली, त्याआधी ती सहा लाख होती. हे दोन्ही बहुतेक कुटुंबांच्या लक्षातच आलेले नसते. बहिणीच्या घराबाबत एकच: सोसायटीत नामनिर्देशन कोणाच्याही नावाचे असो, त्यावरून मालकी ठरत नाही, आणि अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, ना तुम्हाला, ना आजोबांना. तुमच्या नावाने पालकत्वाचा आदेश झालेला नसेल तर वकिलाकडून तो अर्ज करून घ्या. तो आदेश नसल्याने आज काही अडलेले नसेल, पण पुढे पारपत्रापासून शस्त्रक्रियेच्या संमतीपर्यंत कुठेही अडू शकते.

फाइल मात्र पुन्हा कपाटावर ठेवू नका. मूळ कागद कुलपात ठेवा आणि छायाप्रतींची दुसरी फाइल त्याच्यासाठी करा. तिच्यात मृत्यूचे दाखले आणि ते तीन अहवाल असू द्या, पण त्यांच्या आधी त्याचा जन्मदाखला, आईच्या शाळेचे ओळखपत्र, बाबांचा लोकलचा पास, त्यांच्या लग्नाची पत्रिका, एखादा त्यांच्या हस्ताक्षरातला किराण्याच्या यादीचा चिटोरा, जे सापडेल ते असू द्या. पाने कोणत्या क्रमाने लावायची ते त्याला ठरवू द्या. ती त्याच्या कप्प्यात, त्याच्या हाताला येईल अशी राहू द्या.

राहिला चिपळूणचा प्रश्न. आजोबांनी मुलगा आणि सून गमावली आहे; नातवाला जवळ ओढण्यामागे काय असेल हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही आत्ता, या आठवड्यात, हा निर्णय करू नका. ज्या मुलाला मनातून वाटते आहे की आपण आईला आजारी पाडले, त्याला फाइल वाचल्यानंतर लगोलग दुसऱ्या गावी पाठवले तर तो त्याचा एकच अर्थ लावेल: कळलं, म्हणून काढून टाकलं. पुढे कधी तो खरोखरच तिकडे राहणार असेल, तर शाळेचे वर्ष संपल्यावर, त्याला विचारून, आणि अनाथ मुलांच्या देखभालीकडे पाहणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवून, म्हणजे सरकारी बालसंगोपन योजनेची मासिक मदत आणि गृहभेटी सुरू असतील तर त्या रत्नागिरी जिल्ह्यातही विनाखंड सुरू राहतील.

तोवर आजोबांशी एकदा तुम्ही एकट्या बोला आणि आईबाबांची हकिगत दोन्ही घरांत एकच सांगितली जाईल असे ठरवा. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला दोनतीन आठवडे चिपळूणला जरूर जाऊ द्या. बाबा लहानपणी कोणत्या विहिरीत पोहायचे ते तिथेच त्याला कळेल. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. जाण्याचे आणि परतीचे, दोन्ही तिकिटे एकाच वेळी काढा, आणि परतीचे तिकीट छापून त्याच्याच दप्तरात ठेवायला द्या.